मूठभर मोडांचा इतिहास

रात्रीची जेवणे आटोपली, झाकपाक झाली, म्हणजे घरातील गृहिणी निजण्यापूर्वी एक लहानसे काम न विसरता करी. डब्यातून दोन मुठी मूग किंवा मटकी काढून ती निवडी आणि पाण्यात भिजत घाली. दुसऱ्या दिवशी पाणी निथळून ते कडधान्य ओलसर फडक्यात बांधी आणि ती पुरचुंडी चुलीजवळच्या उबेला ठेवी. तिसऱ्या दिवशी सकाळी फडके सोडले, की दाण्यादाण्याला शुभ्र, नाजूक मोड फुटलेला दिसे. मग त्यातील काहींची उसळ होई आणि काही तसेच कच्चे घेऊन, त्यांत काकडी चोचवून, ओले खोबरे, कोथिंबीर आणि लिंबाचा रस घालून कोशिंबीर होई. मराठी माणूस मुंबईत असो, इंदुरास असो, बडोद्यास असो की तंजावरास, हे दृश्य त्याच्या परिचयाचे आहे. ते इतके परिचयाचे आहे, की या मूठभर मोडांना काही इतिहास असेल, आणि त्या इतिहासात समुद्रावरील मृत्यू, वेढ्यात सापडलेले सैन्य आणि दुष्काळाने गांजलेला एक जिल्हा यांचा समावेश असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

राजवंशांचा आणि लढायांचा इतिहास लिहिला जातो. पानात डाव्या-उजव्या बाजूला जे थोडे थोडे वाढले जाते, त्याचा इतिहास लिहिण्याची चाल आपल्याकडे फारशी नाही. भात, भाकरी, पोळी यांच्या तुलनेने कोशिंबीर, चटणी, उसळ हे पदार्थ गौण. त्यांनी पोट भरत नाही, ते तोंडी लावावयाचे असतात. परंतु पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे सत्य मनुष्यजातीला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. त्या शिकवणीच्या कथेत या तोंडी लावण्याचे स्थान बरेच वर आहे.

कडधान्यांशी आपला संबंध अतिशय जुना आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे इसवी सनापूर्वी सुमारे सोळाव्या शतकापासून आठव्या-सातव्या शतकापर्यंत नांदलेली शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. त्या लोकांचे मुख्य धान्य जव होते, आणि जवाबरोबर मसूर, कुळीथ यांसारखी कडधान्येही त्यांच्या घरांत असत. मूग, उडीद, मटकी आणि कुळीथ ही तर याच भूमीत माणसाळलेली धान्ये होत. हरभरा आणि मसूर पश्चिम आशियातून आले, पण येऊन इतकी सहस्रके लोटली, की त्यांना परके म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

या कडधान्यांना मोड आणण्याची कला प्रथम कोणास साधली, हे सांगण्यास साधन नाही. बहुधा ती कोणी शोधून काढलीच नसावी. पावसाळ्यात ओल लागलेल्या कणगीतील दाणा आपोआप अंकुरतो. तो फेकून देण्याऐवजी कोणी चाखून पाहिला असेल, एवढेच. पुढे आयुर्वेदाच्या ग्रंथांत अशा धान्याला ‘विरूढ’ ही संज्ञा मिळाली. चरकसंहितेत मोड आणून भाजलेल्या धान्याची गणना गुरू, म्हणजे पचावयास जड, अशा पदार्थांत केलेली आढळते. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आधुनिक विज्ञानाने एखाद्या जुन्या पदार्थाचा गुण दाखवून दिला, की ‘आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. मोडांच्या बाबतीत तो आवरला पाहिजे. पूर्वजांना मोड ठाऊक होते, त्यांची रुची ठाऊक होती, आणि ते बेताने खावेत हेही ठाऊक होते. त्यांच्यात कोणत्या रोगाचे औषध दडले आहे, हे मात्र ठाऊक नव्हते.

शास्त्राने जड ठरविलेला हा पदार्थ लोकाचाराने मात्र प्रेमाने जपला. कोकणात कडवे वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून बिरडे केले जाते. त्या सोललेल्या दाण्यांना डाळिंब्या असे गोड नाव आहे. गोव्यात मोड आलेल्या मुगांची मुगागाठी सणावारी पानात असते. देशावर मटकीची उसळ झाली नाही असा आठवडा जात नसे. चैत्रातील हळदीकुंकवास आलेल्या सुवासिनींची ओटी भिजवलेल्या हरभऱ्यांनी भरली जाते, आणि त्यांच्यापुढे कैरी घालून वाटलेली हरभऱ्याची डाळ व पन्हे येते. कर्नाटकात रामनवमीला भिजवलेली मुगाची डाळ, काकडी आणि खोबरे यांची कोसंबरी पानकाबरोबर वाटतात. कानडी कोसंबरी आणि मराठी कोशिंबीर ही एकाच घरातील भावंडे आहेत हे नावावरूनच कळते, आणि चैत्रातील आंब्याची डाळ ही त्यांची जवळची आप्त शोभते. राजस्थानात भाद्रपदातील बछबारसेच्या व्रतास गहू वर्ज्य असून मोड आलेले मूग, मोठ आणि हरभरे यांचा प्रसाद असतो. राजस्थानातील मोठ म्हणजेच आपली मटकी. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीचा गोपाळकाला पाहावा: पोहे, ज्वारीच्या लाह्या, भिजवलेली डाळ, काकडी, दही आणि लोणचे. धान्य, कडधान्य आणि कच्ची भाजी यांचा असा सुरेख मेळ घालणारा पदार्थ पाश्चात्त्यांच्या पाकशास्त्रालाही अभिमानास्पद वाटावा.

या पदार्थांचे रूप काळाप्रमाणे बदलतही गेले. आज कोशिंबिरीत दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि टोमॅटो नसेल तर ती सुनी वाटते. परंतु भुईमूग, मिरची आणि टोमॅटो ही तिन्ही अमेरिकेची देणगी. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर येण्यापूर्वी ती येथे कोणी पाहिलेली नव्हती. त्याआधी तिखटपणासाठी मिरे आणि आले, स्निग्धपणासाठी तीळ आणि खोबरे, आणि झणझणीतपणासाठी मोहरी फेसून घातली जाई. काकडी मात्र अस्सल येथली, हिमालयाच्या पायथ्याची. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापून निघाले आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली. तोवर ही विद्या सासूकडून सुनेकडे तोंडी आणि हाताच्या मापाने चालत आली होती. ती कागदावर फारशी उतरली नव्हती, ही बाब पुढील हकिकतीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आता स्वयंपाकघर सोडून समुद्राकडे वळले पाहिजे.

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला. परतताना त्याच्या जहाजांना अरबी समुद्र ओलांडण्यास सुमारे तीन महिने लागले. त्या अवधीत खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या, पाय फुगले, अंगावर काळेनिळे डाग पडले आणि तीस माणसे दगावली. जहाजे हाकण्यास पुरेसे हात उरले नाहीत, म्हणून पुढे त्याला एक जहाज जाळून टाकावे लागले. हा स्कर्व्ही रोग. त्यानंतरची तीनशे वर्षे लांब पल्ल्याच्या सागरी प्रवासाचा तो सोबती होऊन राहिला. जहाजावर बिस्किटे, खारवलेले मांस, वाटाणे यांचा भरपूर साठा असे. पोटभर खाऊनही माणसे मरत, आणि ती का मरतात हे कोणास उमगत नसे.

१७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारी वैद्याने बारा रोगी निवडून त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीस निरनिराळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्री व लिंबे मिळाली, ते झपाट्याने बरे झाले. तरीही ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सरसकट मिळण्यास १७९५ साल उजाडावे लागले. मधल्या काळात आणखी एक कल्पना पुढे आली होती. मोड आणलेल्या जवाचा, म्हणजे माल्टाचा, काढा या रोगावर गुणकारी ठरेल असे डेव्हिड मॅकब्राइड या वैद्याचे मत होते, आणि कॅप्टन कुकने १७६८ च्या सफरीत तो माल्ट बरोबर नेला. कल्पना सत्याच्या अगदी जवळ पोहोचली होती. परंतु माल्ट करताना अंकुरलेला जव भट्टीत वाळवतात, आणि त्या उष्णतेत अंकुराचा गुण नाहीसा होतो. दार उघडले होते, पण आत कोणी शिरले नाही. पुढे दीडशे वर्षे अंकुराचा विचार मागे पडला.

१९०७ साली नॉर्वेतील अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक या दोघा संशोधकांनी गिनीपिग या प्राण्यांना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही जडला. हा योगायोग भाग्याचा म्हणावयाचा, कारण बहुतेक प्राणी आवश्यक ते द्रव्य आपल्या शरीरातच तयार करतात. मनुष्य, वानर आणि गिनीपिग अशा थोड्याच जिवांना ते बाहेरून मिळवावे लागते. उंदरांवर किंवा कबुतरांवर प्रयोग झाला असता, तर काहीच हाती लागले नसते. त्याच देशातील फ्यूर्स्ट याने १९१२ साली दाखवून दिले, की कोरडे धान्य ज्या गिनीपिगांना वाचवू शकत नाही, त्यांना तेच धान्य मोड आणून दिल्यास रोग होत नाही. कोरड्या दाण्यात जे नव्हते, ते पाणी आणि ऊब मिळताच दाण्याने स्वतः निर्माण केले होते. शोध मोठा होता, पण तो प्रयोगशाळेच्या अहवालांत राहिला. दोनच वर्षांत पहिले महायुद्ध पेटले.

त्या युद्धात हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सैन्य धाडले. त्यातील सहाव्या तुकडीचे नावच ‘पूना डिव्हिजन’ असे होते. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी तिच्यात होत्या. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावांतून भरती झालेले हे जवान बसऱ्यापासून तैग्रिस नदीच्या काठाने लढत लढत बगदादच्या दाराशी पोहोचले. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे मोठी हानी सोसून त्यांना मागे फिरावे लागले, आणि ७ डिसेंबर १९१५ रोजी नदीच्या वळणात वसलेल्या कुत-अल-अमारा या गावी तुर्की सैन्याने त्यांना वेढले. जनरल टाउनशेंड याच्या हाताखालील हे सैन्य १४७ दिवस वेढ्यात होते.

वेढ्याच्या त्या पाच महिन्यांत एक विलक्षण प्रकार दिसून आला. एकाच गावात, एकाच तोफांच्या माऱ्याखाली असलेल्या दोन प्रकारच्या सैनिकांना दोन भिन्न रोग झाले. गोऱ्या सैनिकांना मैद्याचा पाव मिळे आणि पुढे घोड्याचे मांसही मिळू लागले. त्यांना बेरीबेरी झाला. हिंदी सैनिकांना आटा आणि जव मिळत. त्यांना बेरीबेरी झाला नाही, पण स्कर्व्ही झाला. गव्हाच्या कोंड्यातील जीवनसत्त्वाने हिंदी सैनिकांना एका रोगापासून वाचविले. भाजीपाला आणि ताजे मांस यांच्या अभावाने त्यांना दुसऱ्या रोगाच्या तोंडी दिले. मैदा संपत आल्यावर फेब्रुवारीपासून गोऱ्यांच्या पावात जव आणि आटा मिसळावा लागला, तेव्हा त्यांच्यातील बेरीबेरी ओसरू लागला. हिंदी शिपाई मात्र घोड्याचे मांस खाण्यास तयार होईनात. आपण ते खाल्ले हे गावी कळले, तर घरचे लोक काय म्हणतील, मुलीबाळींची लग्ने कशी जमतील, हा घोर त्यांना मृत्यूपेक्षा मोठा वाटत होता. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या अनुमतीच्या तारा मागविण्यात आल्या, तरी बहुतेकांचा निश्चय एप्रिल उजाडेपर्यंत ढळला नाही. शिपाई नदीकाठचा रानपाला खुडून शिजवीत. त्यात कधी विषारी पालाही येई. हिरड्या सुजलेल्या, पाय ताठलेल्या माणसांच्या जखमा भरून येत नसत. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले आणि सुमारे तेरा हजार माणसे शत्रूच्या हाती गेली. त्यांतील असंख्य जण पुढच्या वाळवंटी वाटचालीत आणि बंदिवासात मेले. आधीच झिजलेल्या शरीरांना ती वाटचाल झेपणारी नव्हती.

दोष केवळ वेढ्याचा नव्हता. वेढ्याबाहेर राहिलेल्या सैन्यातही १९१६ च्या उन्हाळ्यात हजारो हिंदी शिपाई स्कर्व्हीने अंथरुणास खिळले. या मोहिमेच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९१७ साली प्रसिद्ध झाला. त्याने पुरवठा आणि वैद्यकीय व्यवस्थेतील ढिलाईवर इतके कठोर ताशेरे ओढले, की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. हिंदी शिपायाचा शिधा ठरविताना आटा किती, तूप किती, डाळ किती याचा हिशेब झाला होता. तो शिपाई घरी काय खात होता, त्याच्या भाकरीबरोबर कांदा, मुळा, हिरवी मिरची, ताज्या पाल्याची भाजी आणि मोडांची उसळ असे, याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात नव्हता. घरातील अन्नाचा जो भाग क्षुल्लक दिसत होता, तोच शिध्यातून गळला होता.

याच सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन स्त्री-संशोधकांनी आघाडीवरील सैन्याच्या शिध्याचा प्रश्न हाती घेतला. फळे आणि भाज्या वाळवंटात न्याव्यात कशा? त्या नासतात, वजनाने जड असतात आणि जागा अडवितात. कोरडे कडधान्य नासत नाही, पण त्याने स्कर्व्ही थांबत नाही. त्यांनी नॉर्वेतील जुना धागा उचलला आणि वाटाणे व मसूर यांना मोड आणून गिनीपिगांवर प्रयोग केले. १९१७ साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. सैन्याने अख्खे कडधान्य बरोबर न्यावे, एक दिवस ते भिजवावे, पाणी काढून ओलसर स्थितीत दोन दिवस ठेवावे, आणि मोड आले की थोडाच वेळ शिजवून खावे. डाळ किंवा भरड चालणार नाही, कारण भरडलेल्या दाण्याला मोड येत नाहीत.

सॅलोनिका आघाडीवर स्कर्व्हीने पीडित अशा सर्बियन सैनिकांवर विल्टशायर या डॉक्टराने हाच उपाय योजला. एका गटास त्याने लिंबाचा ताजा रस दिला आणि दुसऱ्यास मोड आलेल्या घेवड्याच्या बिया. मोडांच्या गटाचा गुण लिंबाच्या गटाहून काकणभर सरसच ठरला. १९१८ साली ही हकिकत प्रसिद्ध झाली. ती वाचून एखाद्या मराठी गृहिणीला आश्चर्य वाटले असते ते गुणाचे. कृती तर तिला लहानपणापासून येत होती. भिजविणे, निथळणे, फडक्यात बांधणे, दोन दिवस वाट पाहणे: एवढ्या चार क्रिया सांगण्यासाठी कुतच्या रुग्णशय्यांवरून लंडनच्या प्रयोगशाळेपर्यंत जावे लागले. येथे हसण्याजोगे काही नाही. गृहिणीला कृती ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. शास्त्रज्ञांनी कारणाचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांना कृती सापडली. दोघींची भेट पाच वर्षे अगोदर झाली असती, तर पुष्कळ माणसे घरी परतली असती.

ज्या द्रव्यामुळे हे घडते, ते अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९२८ साली वेगळे काढले, आणि १९३२ च्या सुमारास तेच ‘क’ जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध झाले. कोरड्या मुगात ते नाममात्र असते. शंभर ग्रॅम मोड आलेल्या मुगात ते सुमारे १३ मिलिग्रॅम भरते. हा आकडा दिसावयास लहान आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्लंडातील शेफील्ड येथे स्वयंसेवकांवर जे प्रयोग झाले, त्यांत दिवसाला अवघे १० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व स्कर्व्ही बरा करण्यास पुरे पडते असे आढळून आले. उत्तम प्रकृतीसाठी याहून अधिक लागते हे खरे, परंतु मरण आणि जीवन यांतील अंतर एका वाटीभर मोडांनी ओलांडता येते.

हे ज्ञान भारतात खऱ्या अर्थाने कामी आले ते पंजाबच्या हिस्सार जिल्ह्यात, म्हणजे आजच्या हरियाणात. १९३८ पासून तेथे पावसाने दगा दिला आणि भीषण दुष्काळ पडला. सरकारी मदतकार्यामुळे लोकांना धान्य मिळत होते, परंतु हिरव्या पानाचे दर्शन दुर्मीळ झाले होते. दूध देणारी जनावरे मेली होती. पुढील वर्षी त्या लोकांत स्कर्व्ही पसरला. दुष्काळपीडितांची पोटे भरली होती, तरी हिरड्यांतून रक्त येत होते. कुतचा प्रसंग नव्या वेषात पुन्हा उभा राहिला होता. या वेळी मात्र प्रशासनाकडे उत्तर होते. हरभरा हे त्या भागाचेच पीक. तो भिजवून, मोड आणून लोकांना वाटण्यात आला आणि रोग आटोक्यात आला. परदेशातून काही आणावे लागले नाही, कोणा तज्ज्ञ आचाऱ्याची गरज पडली नाही, आणि कोणाच्या धर्मभावनेस धक्का लागला नाही. घोड्याचे मांस नाकारणाऱ्या माणसाने मोड आलेला हरभरा आनंदाने खाल्ला असता, हे हिस्सारने दाखवून दिले.

या घटनेची योग्य ती दखल घेणाऱ्यांत वॉलेस एक्रॉइड यांचे नाव प्रथम येते. दक्षिणेत नीलगिरीवरील कुन्नूर येथे १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी जे लहानसे केंद्र सुरू केले, त्याची पुढे पोषण-संशोधन प्रयोगशाळा झाली, आणि १९३५ पासून दहा वर्षे एक्रॉइड तिचे संचालक होते. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची त्यांची पुस्तिका १९३७ साली निघाली. आपल्या घरोघरच्या मटकी, चवळी, कुळीथ, माठ, चाकवत, आवळा यांना शास्त्रीय तक्त्यात मानाची जागा प्रथम तिने दिली. ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली, आणि १९६९ पासून तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेसाठी एक्रॉइड यांनी जॉइस डॉटी यांच्यासह १९६४ साली कडधान्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यातही अंकुरित कडधान्यांचा हा विशेष नमूद आहे.

एका थोर पुरुषाचा प्रयोग येथे सांगितला पाहिजे. १९२९ साली महात्मा गांधींनी अग्नीचा स्पर्श नसलेल्या अन्नाचा प्रयोग आरंभिला. मोड आलेले गहू, कधी मोड आलेले हरभरे, वाटलेले बदाम, कच्चा पाला, लिंबे आणि मध एवढाच त्यांचा आहार होता. आपल्या प्रयोगाची हकिकत ते ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध करीत. काही आठवड्यांत आमांश झाला आणि प्रयोग आवरता घ्यावा लागला, तेव्हा तेही त्यांनी जगाला तितक्याच मोकळेपणाने सांगितले. मोड उत्तम आहेत म्हणून केवळ मोडांवर जगता येते असे नाही, हा धडा त्यात आहे. तोंडी लावणे हे तोंडी लावण्याच्या जागीच शोभते.

किंबहुना कच्च्या मोडांविषयी सावध राहण्यास आणखी एक कारण अलीकडे मिळाले आहे. ज्या ओलाव्यात आणि उबेत मोड वाढतात, त्याच ओलाव्यात रोगजंतूही वाढतात. १९९६ साली जपानमधील साकाई शहरात हजारो शाळकरी मुले आजारी पडली. त्या साथीचा संशय मुळ्याच्या कच्च्या अंकुरांवर आला. २०११ साली जर्मनीत मेथीच्या अंकुरांतून पसरलेल्या जंतूंनी पन्नासाहून अधिक बळी घेतले. हे पाहिले म्हणजे आपल्या घरातील जुनी रीत किती समंजस होती याची खात्री पटते. मोड कच्चे खाल्ले जात ते चमचाभर, आणि घरी काढलेले. भरपूर खावयाचे ते उसळ करून, वाफ देऊन. वाफेने ‘क’ जीवनसत्त्व काही अंशी घटते, पण सारे जात नाही, आणि वर पिळलेले लिंबू ती उणीव भरून काढते. मोड येताना दाण्यातील लोहाच्या शोषणास अडथळा करणारी द्रव्ये कमी होतात, आणि लिंबाच्या रसाने ते लोह शरीरास अधिक सुलभतेने लागू पडते. पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही घटतात. बाधक होतो तो सोडा. उसळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा टाकण्याची जी सवय आहे, तिच्यामुळे ‘ब’ जीवनसत्त्वाचा नाश होतो. मोडांचे कडधान्य मुळातच लवकर शिजते. त्यास सोड्याची गरजच नसते.

आता स्कर्व्ही आपल्याकडे क्वचितच आढळतो. परंतु पोट भरलेले आणि शरीर उपाशी, ही अवस्था संपलेली नाही. लहान मुलांत व स्त्रियांत रक्ताची कमतरता अद्याप मोठ्या प्रमाणावर आहे, आणि चकचकीत वेष्टनांतील खाऊ गावोगाव पोहोचला आहे. अशा वेळी शाळेतील मुलांच्या दुपारच्या ताटात मोड आलेल्या मटकीची उसळ वाढली जाते, तेव्हा शासनाने कुत आणि हिस्सार या दोन्ही ठिकाणचे धडे घेतले आहेत असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ताटातील ती वाटी कागदोपत्री न राहता खरोखरी भरलेली असावी, मटकी किडकी नसावी, आणि ती भिजत घालण्याचे स्मरण आदल्या दिवशी कोणास तरी राहावे. पोषणाच्या मोठमोठ्या योजना अखेर अशा आदल्या रात्रीच्या स्मरणावर अवलंबून असतात.

शिधा ठरविणाऱ्या कचेरीने माणसांना मोजले, त्यांच्या वजनाप्रमाणे धान्य मोजले आणि आपले कर्तव्य झाले असे मानले. घरातील स्त्रीने माणसांना ओळखले. कोणाला काय आवडते, कोणाच्या तोंडाला चव नाही, कोणता सण जवळ आला आहे, याचा विचार करून ती थोडे हे आणि थोडे ते पानात वाढीत गेली. तिच्यापाशी शास्त्र नव्हते, पण पान नुसत्या धान्याने पुरे होत नाही ही तिची जाण पक्की होती. तैग्रिसच्या काठी मराठा पलटणींतील जे जवान हिरड्या सुजून, अंगावर डाग पडून गेले, त्यांच्या घरी कोकणात आणि देशावर त्याच रात्री कोणीतरी दोन मुठी मटकी भिजत घातली असेल. त्या दोन मुठींची बातमी वेळेवर तैग्रिसपर्यंत पोहोचली नाही. ती पुन्हा कोठे अडू नये, एवढी काळजी मात्र घेता येते.